प्रथमोपचाराची पिशवी आणि तिच्या आधीची तयारी

यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या मनुष्याची गोष्ट आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. तिच्यावर उपदेश ऐकला नाही असा मनुष्य आमच्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. परंतु त्या गोष्टीतील एका बारीकशा तपशिलाकडे बहुधा आपले लक्ष जात नाही. शोमरोनी मनुष्यास कळवळा आला, हे आपण पुनःपुन्हा सांगतो. पण त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, जखमा बांधावयास काही कापड असले पाहिजे, आणि त्या घायाळास उतारशाळेपर्यंत नेण्यास जनावर होते, हे आपण घाईने वाचून पुढे जातो. समजा, त्यास कळवळा आला असता परंतु हात रिकामे असते, आणि जखम बांधावी कशी हेही ठाऊक नसते, तर वाटेवर पडलेल्या मनुष्याचा प्राण वाचता काय? ह्या धड्यात आम्हांस ह्या दुसऱ्या बाजूविषयीच बोलावयाचे आहे. (जाता जाता एवढे सांगून ठेवतो की, आज कोणी उघड्या जखमेत तेल किंवा दारू ओतू नये. त्याने त्या काळचे उत्तमांत उत्तम ज्ञान वापरले; आपण आपल्या काळचे वापरावे.)

सामान्य मनुष्यास प्रथमोपचार शिकविण्याची चळवळ फार जुनी नाही. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. तेथील हजारो जखमी शेजारच्या कास्तिल्योने गावी देवळांत व रस्त्यांत पडले होते, आणि त्यांची शुश्रूषा गावच्या बायकांनी केली. हा प्रसंग आंरी द्युनां नावाच्या एका स्विस गृहस्थाने पाहिला व पुढे लिहून काढला. त्यातूनच रेड क्रॉस संस्थेचा उगम झाला. पुढे १८७७ साली इंग्लंडात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाले. जर्मनीतील कील शहरी फ्रीडरिक एस्मार्क नावाचे नामांकित शस्त्रवैद्य होते. त्यांनी त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला आणि १८८२ साली सर्वसाधारण लोकांस जखमा बांधणे, मोडलेले हाड सांभाळणे वगैरे शिकविण्यासाठी एक मंडळ काढले. त्या मंडळास त्यांनी शोमरोन्याचेच नाव दिले.

आपल्या देशातील कायद्यातही तेच नाव आले आहे. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास पोलिसांचा जाच होऊ नये म्हणून केलेल्या नियमांस सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम घालण्यात आले. सद्भावनेने मदत करणाऱ्या मनुष्यावर, त्याच्या हातून चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही. आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याजवर करता येत नाही. ही गोष्ट आमच्या उपदेशकांनी गावात मुद्दाम सांगावी. "नसती भानगड नको" म्हणून घायाळास रस्त्याच्या कडेला सोडून जाणारे लोक सगळेच निर्दय नसतात. पुष्कळसे केवळ भ्यालेले असतात.

आता मुख्य विषयाकडे वळू. खेड्यात निरनिराळ्या प्रकारचे अपघात होतात, परंतु प्रथमोपचाराची खरी कसोटी पाहावयाची असेल तर ती सर्पदंशात पाहावी. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार. मरणारे बहुतेक खेड्यांतले, आणि त्यांतले सुमारे निम्मे पावसाळ्यात मरतात. सरकारनेही ही गोष्ट मनावर घेऊन मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावे असा त्याचा हेतू आहे.

ह्या बाबतीत आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. तरुणपणी आम्ही एका वर्गात प्रथमोपचार शिकलो होतो. दंशाच्या वरच्या बाजूस दोरी घट्ट आवळावी, ब्लेडने चीर देऊन रक्त वाहू द्यावे, असे आम्हांस तेथे शिकविण्यात आले, आणि त्या वेळी पुष्कळ ठिकाणी तसेच शिकवीत असत. आमच्याजवळ एक नीटनेटकी पेटीही होती आणि तिचा आम्हांस अभिमान वाटे. एका श्रावणात भुईमूग निंदणाऱ्या एका गड्यास फुरसे चावले. आम्ही पेटी घेऊन धावलो, बैलाचे दावे त्याच्या पोटरीवर आवळले, चीर दिली, आणि तो वाचावा म्हणून प्रार्थना केली. इस्पितळ गाठावयास तीन तास लागले. तो वाचला, परंतु पायाची तीन बोटे काळी पडली व ती कापावी लागली. चीर दिलेल्या जागेतून रक्त दोन दिवस थांबेना. डॉक्टरांनी आम्हांस बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की, ह्यातले काही नुकसान सापाने केले आहे आणि काही तुम्ही. पुढे कित्येक वर्षे तो मनुष्य आम्हांस वाटेत भेटे व आदराने रामराम करी. आमची मान खाली जाई.

दोरी का बांधू नये, हे समजून घेतले म्हणजे विसरत नाही. घोणस व फुरसे ह्यांचे विष रक्तावर आणि मांसावर घाला घालते. रक्त गोठण्याची शक्तीच नाहीशी होते. अशा वेळी दोरी आवळली तर विष एका जागी कोंडून तेथले मांस अधिक सडते, आणि पुढच्या भागास रक्त मिळत नाही. चीर दिली तर न गोठणारे रक्त वाहतच राहते. नाग व मण्यार ह्यांचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते, शेवटी श्वास थांबतो. तेथे दोरीने विष अडत नाही, आणि बांधल्यामुळे काम झाले असे वाटून माणसे स्वस्थ बसतात, हे त्याहून वाईट. तोंडाने विष ओढणे, कोंबडी लावणे, बर्फ लावणे, मिरची वा लिंबाचा पाला खावयास देणे ह्यांपैकी कशानेही विष उतरत नाही. मांत्रिकाच्या हातून बरी झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत, असे कोणी म्हणेल. होय, पाहिली असतील. कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. त्या माणसांस देवळात नुसते बसवून ठेवले असते तरी ती बरी झाली असती. पण समोरचा मनुष्य त्या भाग्यवानांपैकी आहे की नाही, हे कोणाच्याही डोळ्यांस कळत नाही.

मग करावे काय? मनुष्यास धीर देऊन आडवा करावा. त्यास चालू देऊ नये, पळू तर मुळीच देऊ नये. हातापायांतील अंगठी, जोडवी, पैंजण, कडे, घट्ट बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्या. दंश झालेला हात किंवा पाय, हाड मोडले असता बांधतो तसा, बांबूच्या कामट्या किंवा फळी लावून सैलसर बांधावा. पट्टीखाली बोट सहज गेले पाहिजे. दंशाची वेळ लिहून ठेवावी. दारू, चहा, झाडपाला काही देऊ नये. आणि लगेच निघावे. साप मारून बरोबर नेण्याच्या खटपटीत दुसरा मनुष्य चावून घेतल्याची उदाहरणे घडतात. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते, सबब सापाचे प्रेत डॉक्टरांस लागत नाही. कोणी अगोदरच दोरी बांधून टाकली असेल, तर ती वाटेत घाईने सोडू नये. अडलेले विष एकदम अंगात उतरते. ती इस्पितळात डॉक्टरांच्या देखत सोडावी.

मण्यारीविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण ती फसविते. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसांस चावते. दंशाची जागा बहुधा सुजत नाही, दुखतही नाही. कधी खूण देखील दिसत नाही. पहाटे मूल उठून पोट दुखते म्हणून रडते, ओकारी येते, आणि आई ओवा देते. पापण्या जड होऊ लागल्या, बोलणे घोगरे झाले, की मग उशीर झालेला असतो. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या मुलाने पहाटे अशी तक्रार केली आणि डोळे मिटू लागले, तर "झोप येत असेल" असे कोणी म्हणू नये. बाजेवर निजणे व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे, हा ह्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

ह्यावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल की, सर्पदंशात पिशवीतील वस्तूंपेक्षा ती उघडण्यापूर्वी झालेली व्यवस्था अधिक कामास येते. ह्याचे एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. पूर्व नेपाळच्या तराईत दमक नावाचे गाव आहे, तेथे सर्पदंशावर उपचार होतात. भोवतालच्या काही खेड्यांत डॉक्टरांनी लोकांस दंशाविषयी शिकविले, आणि ज्यांच्याजवळ मोटरसायकल आहे अशा माणसांची नावे ठरवून ठेवली. दंश होताच त्यांनी यावे, पुढे चालक, मध्ये रोगी व मागे त्यास धरून बसणारा दुसरा, अशा रीतीने तडक दमकला न्यावे. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. पूर्वी दंश झालेल्यांपैकी शेकडा १०.५ मरत असत, ते प्रमाण शेकडा ०.५ वर आले. ही हकीकत २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे.

आमच्या मंडळ्यांतून असे का होऊ नये? रविवारी उपासना संपल्यावर अर्धा तास बसावे आणि चार गोष्टी ठरवून टाकाव्या. रात्री दोन वाजता कोणाचे दार ठोठवावयाचे? कोणाची जीप, कोणाची मोटरसायकल, आणि त्याचा मोबाईल लागला नाही तर दुसरा कोण? जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सापाची लस ठेवलेली असते व रात्री डॉक्टर असतात? हे आपण होऊन जाऊन विचारून यावे, आणि दर पावसाळ्याच्या आरंभी पुन्हा विचारावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून चालू आहे व तिला पैसे पडत नाहीत. परंतु आपल्या वाडीपर्यंत ती चढते काय, की रोग्यास डांबरी सडकेपर्यंत झोळीतून आणावे लागेल, हे आधीच पाहून ठेवावे. मंडळीत एकच मनुष्य शिकलेला असून भागत नाही. अपघात त्याच्याच घरी झाला, किंवा तो बाजारास गेला असला, म्हणजे काय कराल? निदान तिघे शिकलेले असावे, व त्यांत एक तरी स्त्री असावी, कारण शेतात व चुलीपाशी बहुतेक वेळ त्याच असतात.

आता पिशवी. लोखंडी पेटीपेक्षा खांद्यास अडकविता येईल अशी जाड कापडाची झोळी बरी. बांधावरून धावताना दोन्ही हात मोकळे राहतात. पाणी लागू नये म्हणून आतील जिन्नस प्लास्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळे बांधावे. सर्वांत अधिक काय लागते? कापड. दुकानातील जंतुरहित गॉजच्या लहान पुड्या जखमेवर ठेवण्यास हव्याच. पण त्यावर बांधावयाच्या त्रिकोणी पट्ट्या घरी होतात. एक वार चौरस सुती कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापले की दोन पट्ट्या झाल्या. जुने लुगडे किंवा धोतर उकळून उन्हात वाळवले तर उत्तम. एका त्रिकोणी पट्टीने मोडलेला हात गळ्यात अडकविता येतो, डोके बांधता येते, घडी करून रक्त दाबता येते. आम्ही चार पट्ट्या ठेवतो. कामट्या दोन हात लांबीच्या व एक हात लांबीच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, झोळीबाहेर बांधून ठेवाव्या. ह्याशिवाय हातमोजे, कात्री, चिमटा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, साबणाची वडी, जलसंजीवनीच्या पुड्या, पाण्याची भरलेली बाटली, बॅटरी व तिचे जादा सेल. आणि एक वही व पेन्सिल. पुष्कळांस ही वही फालतू वाटते. पण दंश केव्हा झाला, फेफरे किती वेळ चालले, विषारी औषधाच्या डब्यावर कोणते नाव होते, ह्या गोष्टी इस्पितळात विचारतात तेव्हा घाबरलेल्या नातेवाइकांस काही आठवत नाही.

काय ठेवू नये, हेही सांगतो. इंजेक्शने ठेवू नयेत. सापाची लस तर मुळीच नको. ती शिरेतून द्यावी लागते, आणि कधी कधी तिनेच रोगी गुदमरू लागतो, तेव्हा जवळ डॉक्टर व दुसरे औषध लागते. ॲस्पिरिनची गोळी दुखण्यावर म्हणून पुष्कळ घरांत असते. ती रक्त पातळ करते, सबब दंशात वा जखमेत देऊ नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबावे आणि दाबलेला हात उचलू नये. दर अर्ध्या मिनिटास "थांबले काय" म्हणून उचलून पाहणे, ही सर्वसाधारण चूक होय. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवावी. भाजले असता वाहते गार पाणी वीस मिनिटे. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट नको. फोड फोडू नये. फेफरे आलेल्याच्या नाकास जोडा वा कांदा लावू नये, दातांत चमचा घालू नये. भोवतालचे दगड दूर करून, झटके थांबताच त्यास कुशीवर वळवावे. हगवण लागलेल्या मुलास पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी पाजावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मीठ अधिक नको. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली व शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पिंपे भरभरून नातेवाइकांकडून पाजविले. जेथे शेकडा वीस-तीस माणसे मरत होती, तेथे मृत्यू शेकडा ३.६ वर आले. पाजणारे हात आयांचे व भावांचे होते.

विंचवाच्या दंशात बहुधा वेदनाच फार. परंतु कोकणात व देशावरही लाल विंचू लहान मुलांचा प्राण घेतो. दंशानंतर मुलास दरदरून घाम सुटला, ओकाऱ्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर त्या विषाचा मारा हृदयावर होत आहे असे समजावे आणि निघावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी ह्या विंचवावर आयुष्यभर काम करून प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिला व असंख्य मुले वाचविली. पण मूल त्या औषधापर्यंत पोहोचले पाहिजे.

कापसावर औषध फवारणाऱ्यांची काळजी विदर्भातील मंडळ्यांनी विशेष घ्यावी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने कित्येक शेतकरी व मजूर दगावले. चक्कर, तोंडास लाळ, अंधुक दिसणे अशी चिन्हे दिसताच त्या मनुष्यास शेतातून बाहेर काढून कपडे उतरवावे, साबणाने सर्वांग धुवावे, आणि औषधाचा डबा घेऊनच इस्पितळात न्यावे. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. धुणाऱ्याने हातमोजे घालावे, नाही तर दोघे रोगी होतात.

विहिरीत वा तळ्यात बुडालेल्याचा श्वास बंद असेल तर त्यास उलटा धरून फिरविण्यात वा पोट दाबण्यात एक क्षणही घालवू नये. आधी तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी, मोठ्या माणसास पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० अशा वेगाने ३० वेळा दाबावे, पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत असेच. हे मात्र वाचून येत नाही. त्यासाठी पुतळ्यावर हात चालवून पाहावा लागतो. इंडियन रेड क्रॉस व सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ह्या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. सरकारच्या आपदा मित्र योजनेतही ठिकठिकाणच्या तरुणांस शिकवून साहित्याची पिशवी दिली गेली आहे. आपल्या तालुक्यात असा कोणी शिकलेला तरुण आहे काय, हे तहसील कचेरीत विचारावे. आपल्या गावची आशाताई तर घरचीच. तिला बोलावून तिच्यासमोर पट्ट्या बांधून दाखवाव्या आणि चुका काढू द्याव्या. तिचा मान राखला तर ती आनंदाने येते.

ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी वर्ग केला आहे, त्यांनी पुन्हा जावे. आमच्या चुकीचे मूळ तेथेच होते. दोरी, चीर ही तर सांगितलीच. पण छाती दाबण्याचा क्रमदेखील २०१० साली बदलला, आणि जुन्या पुस्तकावरून शिकविणारे गुरुजी अजून जुना क्रम सांगतात.

पिशवीची जागा एकच असावी, व ती गावातील पोरासही ठाऊक असावी: पाळकाच्या ओसरीवरील खुंटी, शाळेचे दार, कोठेही, पण कुलपाआड नव्हे. ज्याच्या घरी ती असेल त्याने परगावी जाताना शेजाऱ्यास सांगून जावे. रोहिणी नक्षत्र लागले की पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा सर्व जिन्नस अंगणात मांडून तपासावे. सेल गळाले असतील, चिकटपट्टी वाळली असेल, जलसंजीवनीच्या पुड्यांवरील तारीख उलटली असेल, आणि कात्री हटकून कोणीतरी नेलेली असेल. जे वापरले ते वहीत लिहावे आणि पुढील रविवारच्या आत भरून ठेवावे. आमच्याकडे हा खर्च मंडळीच्या दानातून होत नाही. ज्या घरास पिशवीचा उपयोग झाला ते घर, झेपेल तर, एक पट्टी शिवून देते. झेपले नाही तर शेजारी देतो.